दुर्जनाने पाया पडू नये

कुस्ती लढायला ताकद लागते. लुटुपुटीची कुस्ती बसवायला मात्र डोकं लागतं आणि ते माझ्याकडे आहे, असं मी गणेशोत्सवाच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. वर्तमानपत्राचं क्रीडा पान लावतो मी! कोण जिंकलं, कोण हरलं, हे चार शब्दांत सांगणं हाच माझा धंदा.

साल दोन हजार. मांजलपुरातल्या आमच्या सोसायटीतल्या पोरांना केबलवरच्या विदेशी कुस्त्यांनी वेड लावलं होतं. तिथे एक सज्जन असतो, एक दुर्जन. दुर्जन पाठीमागून खुर्ची घालतो, सज्जन पडतो, उठतो आणि जिंकतो. आपणही तसाच सामना करू, पंच मी!

सज्जन म्हणून मी सेक्रेटरी जयवंतरावांना निवडलं. आमच्या गॅलरीत कबुतरांनी संसार थाटला होता आणि जाळीची परवानगी जयवंतराव अडवून बसले होते. इमारतीची शोभा जाते म्हणे!

“त्यांना सज्जन कोण मानेल?” आमची नलिनी म्हणाली. “पोरांचे चेंडू जप्त करतात, पाण्याची मोटर बंद करतात!”

“तोंडाला पावडर लावली की कोणीही सज्जन दिसतो. तुला जाळी हवी ना?”

दुर्जन म्हणजे रिफायनरीतले दामोदरराव. देह दरवाज्याएवढा, मिशा झाडूएवढ्या. स्वभाव मात्र दुधावरची साय. लिफ्ट बंद पडली की सगळ्यांचे गॅस सिलिंडर तेच वर चढवत. लहानपणी आखाड्यात खरी कुस्ती शिकलेले. मी म्हटलं, वा, अनुभवी माणूस!

तिथेच घात झाला.

घराघरांतल्या गाद्या आणून मांडवात पसरल्या. “सावधान! डभोईचा कर्दनकाळ येतोय!” मी गरजलो. कर्दनकाळ आला, त्याने वाकून गादीला हात लावून कपाळाला लावला आणि थेट जयवंतरावांच्या पाया पडला!

“अहो, दुर्जन आहात तुम्ही!” मी दात आवळून म्हटलं.

“वडीलधारे आहेत. पाया पडल्याशिवाय अंगाला हात कसा लावू?”

टाळ्या! पुढच्या रांगेतल्या ज्योत्स्नाबेन कौतुकाने गुजरातीत म्हणाल्या, “केटलो संस्कारी!”

ठरल्याप्रमाणे जयवंतराव पाठमोरे होऊन गणपतीला हात जोडून उभे राहिले. दामोदररावांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली... आणि तशीच धरून ठेवली.

“घाला!”

“पाठीत? आमच्या आखाड्यात नाही चालत.”

जयवंतराव डोळे मिटून फटक्याची वाट बघत होते. फटका येईना. वळून बघतात तर दामोदररावांनी खुर्ची मांडून खांद्यावरच्या पंच्याने पुसलेली! “बसा रावसाहेब, दमलात.”

मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. जयवंतराव भडकले. त्यांनीच ती खुर्ची उचलली आणि दामोदररावांच्या पाठीत घातली! पाय मोडला. खुर्चीचा!

“हाय हाय! चेंडूचोर!” पोरं ओरडली. हरायचं ठरलं होतं म्हणून दामोदरराव बिचारे आडवे झाले. माझ्या डोळ्यांपुढे जाळी. मी जयवंतरावांचा हात वर केला. “सज्जनाचा विजय!”

“फिक्सिंग! फिक्सिंग!” त्या वर्षी क्रिकेटमुळे तो शब्द तान्ह्या पोरांनाही येत होता. एक मोदक येऊन माझ्या कानावर आदळला. उकडीचा होता म्हणून वाचलो. नलिनी ज्या रांगेत बसली होती, तिथूनच आला!

आणि जयवंतराव? आधी गोरेमोरे झाले. मग त्यांनी मिशीला पीळ दिला. “उद्यापासून मोटर बंद!” लोक ओरडले. “चेंडूही देणार नाही!” लोक आणखी ओरडले. जयवंतराव फुलत गेले. आजवर त्यांचं बोलणं इतक्या आनंदाने कोणी ऐकलंच नव्हतं! शेवटी दामोदररावांना हार मिळाला आणि जयवंतरावांच्या सह्या घ्यायला पोरांची झुंबड उडाली. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी जयवंतरावांनी सगळे चेंडू परत केले. मोटरही दुपारपर्यंत चालू! ही वेळ साधून मी जाळीचा विषय काढला. त्यांनी मला प्रेमाने चहा पाजला.

“उदयसिंहराव, आज तर मी लगेच दिली असती हो. पण काल सगळ्यांदेखत तुम्ही माझा हात वर केलात. आता परवानगी दिली तर लोक म्हणतील, पंच विकला गेला. तुमच्या नावाला बट्टा लागलेला मला नाही चालणार!”

तसं सगळं छान चाललंय. पुढच्या वर्षी जयवंतरावांना दुर्जनच व्हायचंय. दामोदरराव अजून सिलिंडर चढवतात. मी मात्र गॅलरीत चहा घ्यायला उभा राहिलो की खालून पोरं “फिक्सिंग!” म्हणून ओरडतात. सोसायटीत माझ्या बाजूने आता फक्त कबुतरं आहेत.