राखी कोटानं तात्यांना घेतलं

शहरातल्या जुन्या बाजारात रविवारी गिऱ्हाइकांनी चादरीवर बसायचं आणि वस्तूंनी हिंडून आपापलं माणूस पसंत करायचं, ही रीत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. सुरुवातीला कुणी कुणी कुरकुरलं, नाही असं नाही. पण वस्तूंचं म्हणणंही काही वावगं नव्हतं. नवी वस्तू अजाण असते, कुणाच्याही घरी जाते. एकदा संसार करून आलेली वस्तू दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवूनच जाणार. शिवाय उन्हात चादरीवर पडून राहणं म्हणजे काय, ते माणसांनाही एकदा कळलेलं बरंच.

अशाच एका रविवारी तुळशीराम भिंताडे, ज्यांना सगळी आळी तात्या म्हणते, दाढी घोटून, धुतलेलं धोतर नेसून बाजारात आले. तात्यांनी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण भाव पाडण्यात आपला हात धरणारा कुणी जन्मला नाही, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं. दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं ऐकिवात नाही.

या मतापायीच सगळा घोळ झालेला. नात हर्षदा, तिच्या लग्नाचं रिसेप्शन त्याच संध्याकाळी. ती म्हणाली होती, "तात्या, स्टेजवर मी तुमच्या हाताला धरून चढणार. तेवढा कोट घाला हं." तात्यांचा मुलगा त्यांना नवा कोट शिवून देत होता. तात्या म्हणाले, "नवा कोट मूर्खानं शिवावा. जुन्या बाजारातनं असा आणतो, की बघत राहशील." त्यावर कितीतरी रविवार गेले. तात्या चादरीवर बसायचे आणि उठून घरी यायचे. कोट सोडा, एखाद्या मफलरनंही त्यांना विचारलं नाही. शेवटी मुलगा हळूच म्हणाला, "तात्या, नाहीच जमलं तर तुम्ही आपले जेवणाच्या कुपनांपाशी बसा. व्याह्यांची माणसं जरा तशी आहेत."

निघताना बायको हौसाबाई म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी तुम्हाला फुकट सांभाळलं. तिथं कोण भाव देणार आहे!"

बाजारात नजीरभाईंची चादर कोपऱ्यावर असते. पूर्वी ते जुने कपडे विकत, आता माणसं मांडतात. कामात म्हणाल तर फारसा फरक नाही. त्यांनी तात्यांना पुढच्या रांगेत बसवलं, टोपी सरळ केली, खांद्यावरचं पीठ झटकलं. गिरणी बंद होऊन जमाना झाला, तरी तात्यांच्या अंगाचं पीठ काही जात नाही.

"या, बघा, जुनं पण अस्सल!" नजीरभाई ओरडले. "एकहाती वापर! एकाच बायकोनं वापरलेला माणूस! कुरकुर नाही, आवाज नाही!"

"झोपेत घोरतो मी," तात्या हळूच म्हणाले.

"तात्या, मालानं मधे बोलायचं नसतं."

एक लोखंडी खाट येऊन त्यांच्याभोवती फिरली. "हाडं फार आहेत. रुततील," म्हणाली आणि गेली. एका शिलाई मशीननं पाय हलवून दाखवायला सांगितलं. तात्यांनी हलवले. मशीन म्हणालं, "कळवतो," पण कळवलं काही नाही. तात्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. हौसाबाईंच्या बापानंही त्यांना असंच "कळवतो" म्हटलं होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो राखी कोट आला. लोकरीचा, रुंद खांद्यांचा, कोपराशी थोडा झिजलेला. तात्यांना तो बघताक्षणी आवडला. आता आवडलेली गोष्ट तोंडावर दाखवायची नसते, हा घासाघिशीतला पहिला धडा. आवडलं की भाव चढतो. तात्यांनी तोंड वाकडं केलं आणि ते पलीकडच्या पंक्चरच्या दुकानाकडे बघत बसले.

"जरा उभे राहा," कोट म्हणाला. "चालून दाखवा."

तात्या चालले.

"डावा खांदा पडलाय."

"पोती उचलून. तुमचंही कोपर गेलंय म्हणा."

"केस?"

"आहेत थोडे. तुमचंही एक बटण दुसऱ्या रंगाचं दिसतंय."

"बघा नजीरभाई," कोट म्हणाला, "माल बोलका आहे."

"बोलका आहे, पण चालू हालतीत आहे," नजीरभाई घाईनं म्हणाले. "घालून तर बघा साहेब. बघायला काय लागतंय?"

कोटानं तात्यांना अंगात घेऊन पाहिलं. समोर आरसा होता, तोही माणूस शोधायलाच आलेला, पण वेळ होता म्हणून उभा राहिला. कोटानं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पोटाशी जरा सैल होत होतं. आरसा म्हणाला, "वाईट नाही."

मग कोटानं हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा. मी कसा वाटतो तुम्हाला?"

तात्यांच्या ओठांशी आलं होतं, की बाबा रे, तुझ्यासारखा कोट मी उभ्या जन्मात अंगाला लावला नाही. पण सवय म्हणजे सवय. ते म्हणाले, "ठीक आहे. याहून बरे पडलेत बाजारात."

कोट त्यांच्या अंगावरून उतरला.

आता तात्यांनी ठेवणीतला डाव काढला. हा डाव त्यांनी साऱ्या आळीला शिकवला होता. बोलणं अडलं की उठायचं, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मागे वळायचं नाही. समोरचा हाक मारतोच. तात्या उठले, धोतर झटकलं आणि निघाले.

घड्याळवाल्यांची रांग गेली. हाक नाही. तात्या जरा सावकाश चालू लागले. स्कूटरच्या सुट्या भागांची रांग गेली. तात्या आणखी सावकाश झाले, इतके, की मागचा हातगाडीवाला म्हणाला, "आजोबा, चालताय की उभे आहात?" त्यांनी वाकून चपलेचा पट्टा लावला. तो लागलेलाच होता. त्यांनी सोडून परत लावला.

शेवटी हाक आली, पण ती नजीरभाईंची. "अहो तात्या! कुणासाठी थांबलात? तो दुसऱ्याला बघतोय!"

तात्यांनी वळून पाहिलं. त्यांच्या जागेवर एक उंच निवृत्त हवालदार बसला होता आणि कोट त्याच्या खांद्याचं माप घेत होता. स्वतःच्या पायानं परत येणाऱ्या गिऱ्हाइकाला घासाघिशीचा हक्क उरत नाही, हे बाजारात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण डोळ्यापुढं कुपनांचं टेबल आलं आणि तात्या जमेल तसे पळतच परत आले.

"आवडला होता हो," ते धापा टाकत म्हणाले. "बघितल्या बघितल्या आवडला होता. संध्याकाळी नात माझा हात धरून स्टेजवर चढणार आहे. मला तुमच्यात उभं राहायचंय."

"मग मघाशी विचारलं तेव्हा?"

"भाव चढेल म्हणून."

"कुणाचा?" कोटानं विचारलं.

तात्यांनी चादरीकडे पाहिलं. इथं मांडलेला माल ते स्वतःच होते.

कोटानं हवालदाराच्या खांद्यावरून बाही काढून घेतली. मग म्हणाला, "आधीच्या दोघांनाही मी स्वस्तात मिळालो होतो. स्वस्तात मिळालेला कोट लोक कपाटात ठेवतात. आठवण झाली की दार उघडतात, 'केवढ्याला मिळाला' ते पाहुण्यांना सांगतात आणि दार लावतात. हवालदारसाहेब, तुम्ही मला रोज घालाल?"

"लग्नकार्याला घालीन," हवालदार म्हणाला. माणूस खरं बोलणारा होता.

"तुम्ही?"

"रोज," तात्या म्हणाले. "दूध आणायला जाताना घालीन. देवळात घालीन."

"उन्हाळ्यात?"

तात्यांच्या कपाळावर आत्ताच घाम होता. जुनी खोड उसळलीच. "वैशाख तेवढा सोडा की."

"नाही."

"बरं, भर दुपार तरी?"

"तात्या," नजीरभाई कळवळून म्हणाले, "तुमचा हक्क गेलाय हो!"

"वैशाखातही," तात्या म्हणाले.

आणि राखी कोटानं त्यांना घेतलं. नजीरभाईंनी रिवाजाप्रमाणे दोघांवरून हात फिरवला आणि बजावलं, "एकदा नेलेला माणूस परत घेतला जाणार नाही." कोट म्हणाला, "माहीत आहे."

संध्याकाळी हॉलमधले पंखे फक्त वारा आल्यासारखा आवाज करत होते. तात्या घामानं निथळत होते. हर्षदानं त्यांचा हात धरला आणि ती हळूहळू पायऱ्या चढली. हौसाबाई खालून बघत होत्या. "शोभताय," त्या म्हणाल्या. कोट म्हणाला, "आभारी आहे." हौसाबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही, ह्यांना म्हटलं," आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला.

फोटोच्या वेळी नवरदेवाकडचे आजोबा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा सूट कोरा करकरीत होता. त्या सुटानं एकदा तात्यांकडे पाहिलं, आणि राखी कोटाकडे जरा झुकून दबक्या आवाजात विचारलं, "सुरेख मिळालेत. कुठून आणलेत? आमचे हे वाकतच नाहीत."

"जुन्या बाजारातून," कोट म्हणाला. "पण हिंडून विचारपूस करावी लागते."

फोटोवाला म्हणाला, "आजोबा, हसा." तात्या हसले. कोटानं त्यांचा पडलेला डावा खांदा हळूच वर उचलून धरला.