मीटरमागे एक दाता

शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत दोनशे चाळीस रोपं काळ्या पिशव्यांमध्ये ओळीने उभी होती, आणि पाण्याचा एकुलता एक नळ शाळेच्या पुढच्या फाटकाजवळ होता. मधलं अंतर अडतीस मीटर. विज्ञानाच्या बाईंनी ते टेप लावून दोनदा मोजलं होतं, कारण पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपणच चुकलो असू.

रोपं एका पर्यावरण संस्थेने अनुदान म्हणून दिली होती. अट साधी होती. सुट्टी संपल्यावर संस्थेचा अधिकारी येऊन रोपं मोजणार. शाळेच्या आवारात एकशे ऐंशी जिवंत सापडली, तर पुढची तीन वर्षं बागेचा सगळा खर्च संस्थेचा. एकशे एकोणऐंशी सापडली, तर शाळेचं नाव यादीतून कायमचं कटाप. करारावर मुख्याध्यापकांनी सही करायची होती, पण त्या दिवशी त्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती. म्हणून 'जबाबदार व्यक्ती' या शब्दांपुढे बाईंची सही होती.

शाळा चालू होती तोवर मुलं आपापल्या बाटलीतलं पाणी घालत. सुट्टीत मागे उरणार होता फक्त पहारेकरी.

"सकाळ-संध्याकाळ नळ सोडीन आणि बंद करीन," त्याने बाईंना सांगितलं. "बादली उचलणार नाही. माझ्या कामात बादली लिहिलेली नाही."

रबरी नळी दोनदा आणून झाली होती. दोन्ही वेळा ती दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी बागेला पाणी घालायला निघून गेली. तेव्हा पाइप हवा होता, पक्का आणि जागचा न हलणारा.

"शाळेकडे पाइपासाठी तरतूद नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "दाते बघा बाई. आपल्याकडे दात्यांना तोटा नाही."

ते खरं होतं. बाई पहिल्यांदा दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. ते लगेच तयार झाले.

"पाइप जाणार कुठून?"

"जमिनीखालून."

"म्हणजे दिसणार नाही."

"पाणी दिसेल ना, डॉक्टर."

"पाण्यावर नाव लिहिता येत नाही हो," डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्यापेक्षा मी बाक देतो. सिमेंटचा. पाठीवर आई-वडिलांची नावं. बसलेला माणूस उठला की वाचता येतात."

सराफांनी बागेसाठी घड्याळ देऊ केलं. इमारती बांधणाऱ्या कंत्राटदाराने कमान.

"पण बाग अजून झालीच नाहीये," बाई म्हणाल्या.

"कमान असली की लोक आत बाग आहे असं धरूनच चालतात," कंत्राटदार म्हणाला. खताचा विषय काढल्यावर मात्र त्याने हात जोडले. "माझं नाव आणि खत एका पाटीवर नको."

शेवटी बाई पाइपांचंच दुकान असलेल्या शेठांकडे गेल्या. शेठांनी त्यांना पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला.

"बाई, पाइप मी विकायला ठेवलाय. तोच फुकट दिला, तर उद्या गिऱ्हाईक म्हणेल, मग आम्हालाच पैसे का लावता?"

अकरा दिवस हिंडून बाईंच्या वहीत अकरा बाक, दोन घड्याळं आणि एक कमान जमा झाली. पाइप शून्य मीटर.

त्या दिवशी बाईंनी जेवताना हे सगळं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी भाताचा घास पुरता चावून खाल्ला आणि मग विचारलं, "तो पाइप तू जमिनीत पुरतेसच कशाला? भिंतीवरून ने. मीटरमागे एक माणूस धर, आणि त्याचं नाव घाल वर. तुझ्या सासऱ्यांच्या नावाने एक मीटर माझा."

बाईंनी डाव्या हाताने वही पुढे ओढली.

"सावलीतला मीटर बघ हो," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांना ऊन सोसायचं नाही."

"आई, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली."

"म्हणून आता उन्हात उभं करायचं?"

मुख्याध्यापकांना कल्पना फार आवडली. थोड्याच दिवसांत त्यांना ती स्वतःलाच सुचल्याचं आठवू लागलं. पालकांना सूचना गेली आणि अडतीस मीटर दोन दिवसांत संपले. डॉक्टरांनी बाक रद्द करून एक मीटर घेतला. फक्त त्यांची अट होती, की आपला मीटर शेजारच्याच्या मीटरमध्ये मिसळलेला दिसू नये. हे कळल्यावर सगळ्यांनाच तसं वाटायला लागलं. म्हणून पाइपाचे एकेक मीटरचे तुकडे करून ते सांध्यांनी जोडायचं ठरलं. एक दाता, एक मीटर, एक सांधा.

एकोणचाळिसावे दाते शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष निघाले.

"त्यांना नाही कसं म्हणणार?" मुख्याध्यापक म्हणाले. "एक मीटर वाढवा."

"सर, बाग अडतीस मीटरवर आहे. पाइप बागेच्या पलीकडे जाईल."

"मग थोडा वळसा घ्या."

वळसा घ्यायची सोय आहे हे कळताच दाते वाढत गेले. साठाव्या मीटरला पाइप मुलांच्या मुतारीमागून जाऊ लागला. तिथले सहा दाते एकदम शाळेत आले आणि वडिलांची नावं तिथे लागणार असतील तर वडील नकोत, असं म्हणाले. पाइप मुतारीच्या वरून, पहिल्या मजल्याच्या सज्ज्यावरून न्यावा लागला. त्यात आठ मीटर वाढले. मग वरचे मीटर रस्त्यावरून दिसतात म्हणून त्यांना मागणी आली. दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांच्यामध्ये किमान तीन परकी माणसं हवी होती, ती शोधण्यात एक दिवस गेला. सासूबाईंचा मीटर जिन्याखालच्या सावलीत बसवला. त्यांनी येऊन भिंतीला हात लावून पाहिला आणि गार आहे म्हणाल्या.

शेवटी पाइप एकशे बारा मीटरवर थांबला. सगळा माल अर्थात शेठांच्या दुकानातून आला. शेठांनी स्वतःही एक मीटर घेतला, फाटकासमोरचा, नळालगतचा अगदी पहिला. त्याचा सांधा त्यांनी आतल्या कपाटातून काढला. उरलेल्या एकशे अकरांसाठी बाहेर फळीवर होते ते दिले.

प्लंबरने काम संपवून हात पुसले. "बाई, मी आपलं सांगून ठेवतो. एवढी नावं वाचत वाचत पाणी काही बागेपर्यंत जायचं नाही."

"थोडं तरी जाईल?"

"वर चढायचं, खाली उतरायचं, वळायचं. टाकीला तेवढा दम नाही. आणि ह्या सांध्यांचं मी काही बोलत नाही. मी शेठचाच माल बसवतो."

उद्घाटनाला सगळे दाते आले आणि आपापल्या मीटरखाली उभे राहिले. अध्यक्षांनी नळ सोडला. "दातृत्वाचा हा ओघ अखंड राहो," असं ते म्हणाले, आणि तो दुसऱ्या सांध्यापासूनच सुरू झाला. तिसऱ्यातून, चौथ्यातून, मग ओळीने सगळ्यांतून थेंब पडू लागले. दाते एक पाऊल मागे सरले. कोरडे राहिले ते फक्त शेठ. पाणी सज्जा ओलांडून, जिन्याखालून, सगळ्यांना थोडं थोडं देत बागेच्या तोंडाशी आलं तेव्हा त्याचा एक थेंब उरला होता. तो पाइपाच्या टोकाला लटकला आणि तिथेच वाळला.

"आवळा की सांधे," मुख्याध्यापक प्लंबरला म्हणाले.

"एक आवळला की शेजारचा दुप्पट गळतो, सर."

"मग हेच तुकडे काढून अडतीस मीटर सरळ जमिनीतून घालू," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी आवाज खाली आणला. "बाई, वर नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं जिवंत आहेत. त्यांना पुरायचं?"

नवीन पाइपाला पैसे नव्हते. उरलेले सगळे नावं रंगवणाऱ्याला गेले होते. सुट्टीला चार दिवस राहिले होते. बाई भिंतीच्या कडेकडेने चालत गेल्या, आणि नावांखाली जमिनीवर ओळीने ओले, वाटोळे ठिपके दिसले. त्यांनी ठिपके मोजले. मग ऑफिसात जाऊन करार काढला आणि अट पुन्हा वाचली. 'शाळेच्या आवारात.' बागेत असं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी रोपं उचलून प्रत्येक सांध्याखाली एकेक ठेवलं. दोन ठेवून पाहिली, पण थेंब एकाच पिशवीपुरता होता. एकशे बारा सांधे, एकशे बारा रोपं. हवी होती एकशे ऐंशी.

"अडुसष्ट कमी पडतायत," बाई म्हणाल्या.

"रोपं तर आहेत ना पडलेली?" मुख्याध्यापक म्हणाले.

"रोपं आहेत, सर. दाते कमी पडतायत."

आणि ज्या बाई आठवडाभर दाते दिसले की रस्ता बदलत होत्या, त्या पुन्हा दारोदार फिरू लागल्या. सराफ, कंत्राटदार, जुने विद्यार्थी, त्यांचे सासरे, कुणालाही सोडलं नाही. प्लंबरने त्याच नळावरून दुसरी ओळ कुंपणाच्या भिंतीने काढली. शेठांकडे माल घ्यायला बाई स्वतः गेल्या.

"ह्या वेळी जरा बरे सांधे देऊ का?" शेठांनी विचारलं.

"नको, मागचेच द्या," बाई म्हणाल्या. "हुबेहूब तेच."

तिसऱ्या दिवशी अडुसष्ट दाते पुरे झाले. उरलेली साठ रोपं मुलं घरी घेऊन गेली. सगळं जमलं असं वाटत असतानाच बाईंना दाताचे डॉक्टर स्टुलावर उभे राहून आपल्या सांध्याला चिकटपट्टी गुंडाळताना दिसले.

"काय करताय, डॉक्टर?"

"माझ्या नावाखाली गळतंय. पेशंट बघतात. उद्या दात भरायला कोण येईल माझ्याकडे?"

"ते गळतंय म्हणून खालचं रोप जगतंय. तुमच्या नावाचं रोप. बघा, शेजारच्याच्या रोपापेक्षा दोन बोटं उंच आहे."

डॉक्टर स्टुलावरून उतरले. त्यांनी दोन्ही रोपांना हाताची बोटं लावून पाहिली, मग पुन्हा चढून पट्टी सोडवली. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या दात्यांत पसरली आणि चिकटपट्ट्या निघाल्या. उलट दोघातिघांनी प्लंबरला गाठून, आपला सांधा किंचित सैल करता येईल का, अशी चौकशी केली.

अडले ते शेठ. त्यांचा सांधा एक थेंबही सोडत नव्हता, आणि खालच्या रोपाने मान टाकली होती.

"शेठ, एक आटा सैल करू द्या."

"बाई, मी सांधे विकतो. माझा सांधा माझ्याच नावाखाली, भर फाटकासमोर गळला, तर मी दुकान चालवू कशावर?"

"मग रोप दुसरीकडे हलवते."

"सगळ्यांच्या नावाखाली झाड आणि माझ्या नावाखाली खड्डा?"

"मग काय करू, सांगा. बरोबर एकशे ऐंशी रोपं आहेत. तुमचं वाळलं तर एकशे एकोणऐंशी. सगळं गेलं, आणि तेही तुमच्या नावाखाली."

शेठ दुकानाकडे निघून गेले. बाईंना दुसऱ्या दिवशी महिनाभर परगावी उत्तरपत्रिका तपासायला जायचं होतं. जाताना त्यांनी पहारेकऱ्याला विचारून पाहिलं, त्या एका रोपाला रोज तांब्याभर पाणी घालशील का म्हणून. त्याने विचार केला आणि तांब्या म्हणजे लहान बादलीच, असा निकाल दिला.

महिनाभर बाईंनी पेपर तपासले. एका मुलाने वनस्पतींना जगण्यासाठी लागणाऱ्या गोष्टींत ऊन, हवा आणि मातीच लिहिली होती. त्याचा एक गुण कापताना बाईंचा हात थांबला होता.

त्या परतल्या त्याच सकाळी अधिकारी आला. उंच, बारीक माणूस, हातात वही, वहीला दोरीने बांधलेलं पेन. तो मागच्या बाजूपासून मोजत निघाला. प्रत्येक रोपाचं एक पान दोन बोटांत धरायचा, सोडायचा, आणि वर नाव असेल ते वाचायचा.

"पाणी कसं देता?" जिन्याखाली त्याने विचारलं.

"सांधे गळतात," बाई म्हणाल्या.

"सगळे?"

"दात्यांनी दिलेत तसे आहेत."

मुख्याध्यापक मागून, ठिबक पद्धत आहे, असं काहीतरी पुटपुटले. अधिकाऱ्याने वहीत एक शब्द लिहिला, पण तो बाईंना दिसला नाही. कुंपणाची भिंत झाली, इमारतीची पुढची बाजू झाली. "एकशे एकोणऐंशी," असं म्हणत तो कोपऱ्यावरून फाटकाकडे वळला. बाई कोपऱ्यावरच थांबल्या. पुढे जायचं त्यांना धाडस होईना.

मग अधिकाऱ्याचा आवाज आला. "आपण इथले माळी?"

"नाही. मी दाता."

बाईंनी डोकावून पाहिलं. शेठ पायजमा पोटरीपर्यंत दुमडून उभे होते. हातात पाण्याची बादली, खांद्यावर चुंबळ करून ठेवलेला टॉवेल. त्यांच्या पुढ्यात एक रोप कमरेएवढं वाढलेलं होतं, साऱ्या आवारात त्याच्याइतकं कुठलंच नव्हतं.

"काय दान केलंत?" अधिकाऱ्याने विचारलं.

शेठांनी बादली खाली ठेवली आणि वर बोट दाखवलं. "पाइप."

अधिकाऱ्याने पाइपाकडे पाहिलं. नळाकडे पाहिलं, तो हातभर अंतरावर होता. मग बादलीकडे पाहिलं.

"मग बादलीने का घालताय?"

"पाइप उत्तम प्रतीचा आहे," शेठ म्हणाले. "गळत नाही."

अधिकाऱ्याने वाकून एक पान दोन बोटांत धरलं, सोडलं, आणि वहीत एकशे ऐंशी लिहिलं. नंतर पाणी देण्याच्या पद्धतीचा रकाना आला, तिथे तो पेन टेकवून बराच वेळ उभा राहिला.