बोडी, बॉडी आणि धनराजभाऊंचं गाठोडं

तुम्ही शेवटचा अर्ज, पत्र किंवा भाषण लिहिलंत, ते पुढे पाठवण्याआधी कोणाला वाचून दाखवलं होतं? कोणालाच नाही ना? मग तुम्हाला धनराजभाऊ माहीत असायला हवेत.

ब्रह्मपुरीत त्यांच्या ओसरीवर कागद घेऊन गेलात की ते आधी घरात जातात आणि चादरीचं एक भलंमोठं गाठोडं घेऊन येतात. ते डोक्यावर ठेवून भिंतीला टेकून बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं. वाच." वाचलेलं कळलं तर उठतात आणि गाठोड्यासकट थेट फाटकापर्यंत चालत जातात. कळलं नाही तर जागचे हलत नाहीत. माझं चार पानी पत्रक ऐकताना ते दुसऱ्याच पानाला घोरायला लागले होते. गाठोडं मात्र पडलं नाही.

भाऊ तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. लिहिण्याबद्दलचं त्यांचं सगळं शास्त्र तिथून आलं. "बाई झोपेत आहे. कडेवर लेकरू, डोक्शावर गाठोडं. तिले तुह्यी विद्वत्ता नाई पाह्यजे. गाडी कुठची न लागली कुठी, एवढं सांग. समजलं तं उठन. नाई तं गाडी गेली तिची."

निवृत्त झाल्यावर गल्लीतली मुलं त्यांच्याकडे निबंध, भाषणं, नोकरीचे अर्ज घेऊन येऊ लागली. भाऊ स्वतः एक अक्षर लिहून देत नाहीत. घरात पेनच ठेवत नाहीत. "लिवाचं काम तुह्यं. माह्यं काम बसाचं."

मी चळवळीच्या पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे चपात्याही जुन्या पत्रकांत गुंडाळल्या जायच्या, त्यामुळे 'धिक्कार' हा शब्द मी 'घर'च्या आधी वाचायला शिकले. भाऊ मला 'लीडर' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा उन्हाळ्यात पार्बताबाई माझ्याकडे आल्या. बारा किलोमीटरवरच्या एका गावच्या, मासेमारी करणाऱ्या. त्यांच्या गावाला एक बोडी आहे, म्हणजे लहान तळं. ती अर्धीअधिक बेशरमीनं भरली. बेशरम हे आमच्याकडचं पाणझुडूप. कितीही उपटा, पुन्हा उगवतं. पावसाआधी बोडी साफ झाली नाही, तर पार्बताबाईंसह गावातल्या अकरा घरांना पुढचं वर्षभर जाळं टाकता येणार नव्हतं. आठ दिवसांवर ग्रामसभा होती. त्यांना अर्ज हवा होता.

मला घाई होती. मी फोनवर बोलले, फोनमधल्या एआयनं क्षणात अर्ज तयार केला. जलस्रोतांचं संवर्धन ही काळाची गरज वगैरे सगळं त्यात होतं. मी छापून घेतला आणि पार्बताबाईंना घेऊन ऐटीत भाऊंच्या ओसरीवर गेले.

गाठोडं आलं. डोळे मिटले. मी वाचू लागले. तिसऱ्या वाक्याला भाऊंनी एक डोळा उघडला.

"हे पुन्हा वाच."

"गावच्या बॉडीत बेशरमपणा मोठ्या प्रमाणावर वाढला असून तो मुळासकट उपटून टाकावा."

"काऊन वं लीडर, हा अर्ज कोनाले देऊन राह्यली तू?"

"सरपंचांना."

"त्याच्याच बॉडीत?"

पार्बताबाईंनी तोंडाला पदर लावला. भाऊ इतके हसले की गाठोडं पहिल्यांदा खाली पडलं. फोननं बोडी ऐकून पंचायतीची 'बॉडी' केली होती, मग बेशरमीची बाकीची व्यवस्था त्यानंच लावली. पण फोनला काय दोष देऊ? ते वाक्य माझ्या पत्रकांसारखंच होतं. वाचताना मला खटकलंसुद्धा नाही. लाज वाटली ती त्याची.

भाऊ हसायचे थांबले. "लीडर, लिवाच्या अगुदर फोनानं तुले एक तरी सवाल केला का?"

"नाही."

"न तू या बाईले केला?"

भाऊ पार्बताबाईंकडे वळले. "बाई, जाळं टाकता तवा का होते?"

"का होईन भाऊ? मासा येत नाई. बेशरमीचा बुडखा येते."

"मंग?"

"मंग जाळं फाटते."

"शिवाले किती दिस लागते?"

"आठ दिस. मासा धराच्या दिसात आमी घरी जाळंच शिवून राह्यलो." त्या थांबल्या. "आमी का फुकटचं मांगतो का? उपटाले आमी सगळ्या बाया येतो. फेकाले टॅक्टर द्या म्हना."

भाऊ उठले. गाठोडं उचलून डोक्यावर ठेवलं आणि फाटकापर्यंत चालत गेले. तिथूनच ओरडले, "लीडर, लिवलं का नाई?"

मी लिहिलं. सहा वाक्यं, सगळी पार्बताबाईंची. त्यांना वाचता येत नाही, म्हणून भाऊंनी ती त्यांच्याकडून सात दिवस रोज म्हणवून घेतली. शेवटी एक वाक्य भाऊंनी आपल्याकडून जोडलं: "सभेचे आम्ही आभारी राहू." नुसतं मागून निघून येणं बरं दिसत नाही, म्हणाले.

ग्रामसभेला भाऊ शेअर जीपनं आले. मागे, खांबाजवळ उभे राहिले. पार्बताबाई बोलत होत्या आणि भाऊंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. आभाराच्या वाक्यापाशी बाई अडल्या. मग बाईंनी सरपंचांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमी एकदा येऊन पाहा न भाऊ." सरपंच उठले आणि सभेतली निम्मी माणसं तशीच बोडीवर गेली. परत येऊन ठराव झाला. ट्रॅक्टर सोमवारी.

परतीच्या जीपमध्ये भाऊ म्हणाले, "शेवटचं वाक्य खाल्लं तिनं."

"राग आला?"

"नाई वं. तेवढं एकच माह्यं होतं. तेच खोटं निंगालं."

ब्रह्मपुरी जवळ आली. भाऊंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "उद्या येशील न?"

"उद्या लिहायला काही नाही, भाऊ."

"लिवाचं नसन तरी ये." मग घाईघाईनं म्हणाले, "दोन कप चाय मांडाची सवय आहे मले. एक फेकाच लागते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या सात दिवसांत ओसरीवर आम्हां दोघींशिवाय तिसरं कोणी आलं नव्हतं. मुलांना आता फोन लिहून देतो. मुलांचं काही अडत नाही, आणि भाऊंनी एका शब्दानं तक्रार केलेली नाही. ते फक्त रोज चारला दोन कप मांडतात.

म्हणून माझी विनंती आहे, आणि या वेळी चार पानं नाहीत. पुढचा अर्ज फोनकडून लिहून घ्या हवं तर, पण पाठवण्याआधी तो कागद घेऊन तुमच्या गावातल्या एखाद्या माणसाच्या ओसरीवर जा आणि मोठ्यानं वाचा. तो मध्येच थांबवेल, नको ते विचारेल. तुम्हाला राग येईल. उठून येऊ नका. चहा होईपर्यंत बसा.