टॉवेलाखालचा हात

गोरक्षनाथला लहानपणापासून एकच खोड. कुठलीही वस्तू आतून कशी आहे हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आई छबूबाईचा मिक्सर, वडील बन्सीचा फवारणीचा पंप, शेजारच्यांचा कूलर, सगळ्यांची पोटं त्यानं उघडून पाहिली होती. परत बंद करताना दोन-चार स्क्रू उरायचे. "ते कंपनीनंच जास्तीचे दिलेले असतात," असं तो छातीठोकपणे सांगायचा. अशा पोराला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला घालण्यावाचून इलाज नव्हता. निदान घरातल्या वस्तू तरी वाचतील, असं छबूबाईचं म्हणणं पडलं.

आता तो शेवटच्या वर्षाला होता आणि त्यानं प्रोजेक्ट म्हणून चक्क एक हात बनवला होता. पाच बोटांचा, ॲल्युमिनियमचा, मनगटाला बॅटरीची डबी. तळव्याला काही लागलं की बोटं मिटायची. टोमॅटो धरला तर फुटायचा नाही, पण निसटतोय असं वाटलं की पकड आवळायची. आणि गोरखचा खरा अभिमान तर पुढेच होता. बॅटरी संपली तरी पकड सुटायची नाही. "जगातली वीज गेली तरी माझा हात टोमॅटो खाली टाकणार नाही," हे त्यानं अख्ख्या होस्टेलला ऐकवलं होतं.

एका प्रश्नाला मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. प्रोजेक्टच्या रेश्मा मॅडमनी हात पाहिला, कौतुक केलं आणि विचारलं, "पण याचा उपयोग काय रे? टोमॅटो धरायला माणसं कमी पडलीत का आपल्याकडे?" बाहेरून येणारे परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारतात, असंही त्यांनी बजावलं. तोंडी परीक्षा शुक्रवारी दुपारी होती. तिथं गाडी अडली तर चाकणच्या कंपनीच्या मुलाखतीला बसता येणार नव्हतं. बन्सीनं तर आधीच सांगून ठेवलं होतं, "यंदा नोकरी लागली तर लागली. न्हाई तर गोठ्यातलं शेन काढायला मला मानूस पायजेच हाय."

शुक्रवार म्हणजे घोडेगावचा जनावरांचा बाजार. बन्सी टेम्पोतून म्हैस विकायला निघाला होता. हात घेऊन घरी आलेल्या गोरखनं विचार केला, तिथपर्यंत टेम्पोत जावं आणि पुढं कॉलेजला नगरची एसटी धरावी. हात मांडीवर, धूळ बसू नये म्हणून वर टॉवेल, असा तो निघाला.

बाजारात म्हैस टेम्पोशेजारी बांधून बन्सी चहाला गेला. जाताना पोराला म्हणाला, "कुनी आलं तर गप बसायचं. बोलायचं न्हाई. अन् मी येईस्तोवर हात तर अजिबात पुढं करायचा न्हाई."

त्याला कारण होतं. या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा कापडाखाली हातात हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, बोटं दाबूनच नाही म्हणतात. बघणाऱ्याला दिसतं ते फक्त कापड. आत काय चालतं हे गोरखनं लहानपणी बापाला शंभरदा विचारलं असेल. "वेळ आली की कळंल," एवढंच उत्तर मिळायचं. सगळ्या यंत्रांची पोटं उघडलेल्या पोराला हे एक कापड काही उचलता आलं नव्हतं.

बापाचं ऐकून तो टेम्पोच्या फाळक्यावर गप बसला. हात प्रवासात बिघडला तर नाही ना, हे बघावं म्हणून त्यानं तेवढं डबीवरचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

तेवढ्यात अल्लाबक्षभाई आले. बाजारातले जुने व्यापारी, जनावराच्या चालण्यावरून त्याचं दूध सांगणारे. त्यांनी म्हशीचे दात पाहिले, कास पाहिली, शेपटी उचलून पाहिली. मग बन्सीचं पोरगं मांडीवर टॉवेल टाकून बसलेलं पाहिलं. टॉवेलाखाली तळव्याचा उंचवटाही दिसत होता. बापानं पोराला धंद्याला लावलं म्हणायचं, असं मनाशी म्हणत त्यांनी गोरखच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि टॉवेलाखाली हात सारला.

बोटं मिटली.

त्याच क्षणी गोरखनं "चाचा, तो माझा हात नाही" असं म्हणायला हवं होतं. पण आजवर त्या हातानं टोमॅटो, बटाटे आणि रूममेटचा साबण एवढंच धरलं होतं. जिवंत माणसाचा हात ही पहिलीच वेळ. पुढं काय होतं हे बघायला तो तसाच बसून राहिला. शिवाय बापानं बोलू नको म्हटलेलं होतं, ही सबबही आयती होती.

अल्लाबक्षभाईंनी पहिला आकडा दाबला. हातानं पकड आवळली. त्यांनी थोडा वाढवला. पकड आणखी आवळली. मग ते व्यापाऱ्याच्या जुन्या रिवाजाप्रमाणे सौदा मोडल्यासारखं करून हात ओढू लागले. वस्तू निसटतेय असं वाटून हातानं त्यांना घट्ट धरून ठेवलं.

"बन्सीचं पोरगं बापापरीस चिवट हाय," ते जमलेल्या लोकांना म्हणाले. "अन् चेहऱ्यावर काय बी दिसू देत न्हाई."

चेहऱ्यावर दिसणार काय? गोरख टॉवेलाबाहेर राहिलेल्या डबीवरच्या हिरव्या दिव्याकडे बघत होता. शेवटी अल्लाबक्षभाईंनी आणखी मोठा आकडा दाबला आणि मान हलवली. "बरं बाबा, तुझं खरं. घेतली म्हैस. सोड आता."

नेमकी तेव्हाच बॅटरी संपली, हिरवा दिवा विझला. गोरखनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, हलवून दाबलं. काही नाही. नाइलाजानं त्यानं टॉवेल उचलला.

जमलेली माणसं वाकून वाकून बघू लागली. म्हैस तेवढी रवंथ करत राहिली.

बन्सी धावत आला. आधी पोराला चार शब्द सुनावले. "तुला सांगितलं हुतं ना, हात पुढं करायचा न्हाई?"

"मी माझा हात पुढं केलाच नाही, अण्णा."

बन्सीनं सुरी काढली. हाताची बोटं नायलॉनच्या दोऱ्यांनी ओढली जात होती, त्या कापल्या की काम झालं असतं. गोरख आडवा आला. दुपारी परीक्षा होती! स्क्रू खोलावेत, तर ते तळव्यात, आणि तळव्यात अल्लाबक्षभाईंची बोटं. टेम्पोच्या बॅटरीला जोडावं, तर सर्किट जळून चाचा कायमचे अडकायचे. चार्जर कॉलेजच्या लॅबमध्ये होता.

गोरख रडकुंडीला आला. "दुखतंय का, चाचा?"

"दुखत न्हाई. नुसतं धरलंय, नातवानं धरावं तसं." अल्लाबक्षभाई हात उलटासुलटा करून बघत होते. "कापू नका, बन्सीभाऊ. उभा जन्म लोकांची बोटं धरली, असला हात पयल्यांदाच भेटला. ह्यो सुटतो कसा, ते मला बघायचंय."

मग टेम्पो नगरला निघाला. म्हैसही वरच चढवली, कारण ती आता कुणाची हे ठरत नव्हतं. आता बन्सीची पंचाईत सुरू झाली. सौदा कितीला झाला, हे त्याला माहीतच नव्हतं!

"किती ठरलं रं?" त्यानं पोराच्या कानात विचारलं.

"मला काय माहीत? ते हाताला माहीत."

अल्लाबक्षभाईंना विचारावं, तर ड्रायव्हरसमोर आकडा तोंडानं बोलणं म्हणजे धंद्याची लाजच घालवणं. बोटांनी विचारावं, तर त्यांचा उजवा हात अडकलेला आणि डाव्या हातानं ते सौदा करत नसत. इमामपूरच्या घाटात बन्सी कासावीस होऊन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि अल्लाबक्षभाई निवांतपणे डोंगर बघत होते.

कॉलेजात पोहोचेपर्यंत गोरखचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. म्हैस पार्किंगमध्ये बांधून तिघं लॅबमध्ये शिरले. परीक्षकांनी चष्मा वर केला.

"प्रोजेक्ट कुठंय?"

गोरखनं अल्लाबक्षभाईंना पुढं केलं.

रेश्मा मॅडमनी डोळे मिटून घेतले. चार्जर लागला, दिवा पेटला, गोरखनं देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. बोटं अलगद उघडली. अल्लाबक्षभाईंनी बोटं झटकली, मॅडमच्या टेबलावरचा टॉवेल उचलला आणि सगळ्यात आधी बन्सीचा हात धरला. आत काहीतरी दाबलं गेलं. बन्सीचा चेहरा हळूहळू असा उजळला की पोराच्या परीक्षेचंही त्याला भान राहिलं नाही. "खरं म्हनताय?" एवढंच तो पुटपुटला.

"जबान म्हंजे जबान. हात कुनाचा बी असो."

परीक्षकांनी घसा खाकरला आणि नेमका तोच प्रश्न विचारला. "याचा प्रत्यक्षात उपयोग काय?"

गोरख चार्जरची वायर गुंडाळू लागला. उत्तर अल्लाबक्षभाईंनी दिलं.

"सायेब, माजं वय झालं. हात थरथरतो, घाम येतो. म्हैस मनात भरली की समोरच्याला बोटांवरून कळतं अन् तो अडून बसतो. ह्या हाताला घाम न्हाई, लोभ न्हाई. आज मी त्याच्याशी हारलो. पुढच्या शुक्रवारी त्यो माज्याकडनं बसू दे. दर बाजाराला."

परीक्षकांनी त्यांना बरंच काही विचारलं. गोरखला एकही प्रश्न विचारला नाही, आणि तो पास झाला. चाकणच्या कंपनीनं मात्र मुलाखतीत त्याला "कळवतो" म्हणून सांगितलं.

छबूबाईला पास झाल्याचं आणि बाजारातल्या कामाचं एकदमच कळलं. तिनं वस्तीवर घरोघरी पेढे वाटले. "आमच्या गोरखला नोकरी लागली," असं ती सांगत होती.

ओट्यावर बसलेल्या बन्सीला खोटं सहन होत नसे. "त्याला न्हाई, त्याच्या हाताला लागली," तो म्हणाला. "ह्यो नुसता चार्जिंगला जातो."