वाकड्या फोनचा एकच फायदा

नाशिकच्या द्वारका चौकापासून येवल्यापर्यंत जमीलने गंडवला नाही असा माणूस दाखवा, चहा आपल्याकडून! पैठण्यांचा धंदा, जिभेवर साखर, आणि परवापासून खिशात नवाकोरा फोन. दोन्ही बाजूंना काच अशी खाली उतरलेली की जणू फोनला झोप लागलीय.

"आलिमाचे अब्बा, हा कडेला वाकलाय. बदलून आणा!" त्याची बायको खुर्शीदा म्हणाली.

"वाकला नाही गं, कर्व्ह आहे!"

"फायदा काय त्याचा?"

"एक? पन्नास!"

"एकच सांगा. रात्रीच्या जेवणापर्यंत. नाही जमलं तर फोन परत, आणि महिनाभर भांडी तुमच्याकडे."

"मंजूर!"

येवल्याच्या वाटेवर जमील फायदा शोधत होता. हातात छान बसतो म्हणावं, तर ओल्या साबणासारखा दोनदा निसटला. वरून काच लावायला गेला, तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, याला साधी काच नाय बसत. कडेला हवा धरते." चहाच्या टेबलावर ठेवला, तर तान्ह्या बाळाच्या पाळण्यासारखा डुलायला लागला!

नईम विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. खटाखट, खटाखट! तेवढ्यात खुर्शीदाचा मेसेज: 'सापडला का?'

जमीलने वैतागून फोन तसाच उघडा तयार पैठणीवर टाकला. रेशमावर असला फोन! सुर्रकन घसरला तो थेट खड्ड्यात. नईमने कडा गच्च धरून वर काढला, खिडकीत उभा करून ठेवला आणि पुन्हा खटाखट सुरू.

जमीलने पैठण्यांचा भलामोठा गठ्ठा उचलून खांद्यावर घेतला.

"जमीलभाई, एवढं ओझं?" नईम ओरडला. "भाभी तर म्हणत होत्या, तुमच्या मणक्यात गॅप आहे!"

"कसला गॅप!" जमील त्याहून मोठ्याने ओरडला. "डॉक्टरचं नाव सांगितलं, झालं काम! तीन वर्षं दळणाचा डबा तिसऱ्या मजल्यावर तीच चढवतेय! आता फोनचा फायदाही देतो असाच ठोकून!"

धागा तुटला. माग थांबला. खोलीत एकदम शांतता, आणि त्या शांततेत खिडकीतून गोड आवाज आला.

"आलिमाचे अब्बा, गठ्ठा खाली ठेवा. मणका दुखेल."

जमील वळला. स्क्रीनभर खुर्शीदा! खड्ड्यातून काढताना नईमच्या हाताने वाकड्या कडेवरची काच दाबली गेली आणि तिलाच व्हिडिओ कॉल लागला होता. आवाज मागाने खाल्ला, चित्र मात्र तिने सगळं बघितलं.

संध्याकाळी जमील मान खाली घालून घरी आला. "हरलो बाबा. उद्या फोन परत देतो. भांडी कुठेत?"

"खबरदार परत दिलात तर!" खुर्शीदाने फोन ओढणीने पुसला. "स्वतःहून बायकोला फोन लावणारा फोन नशिबाने मिळतो. फायदा दिसला मला. शर्त तुम्ही जिंकलात!"

त्यामुळे जमीलला भांडी घासावी लागली नाहीत. वेळही नव्हता म्हणा. खाली जिन्यात दळणाचे तीन डबे त्याची वाट बघत होते: एक घरचा, दोन शेजारच्या सावित्रीबाईंचे!