भिंगरी आणि गच्चीवरचे मासे

"एकदा भरलेलं पाणी, वर्षभर तेच," असं भिंगरी ज्याला त्याला ऐकवायचा. त्याचं खरं नाव सगळे विसरले होते. पंपदुरुस्तीत जन्म गेलेला हा माणूस एका जागी बसलेला कुणी पाहिला नव्हता. जेवता जेवता उठून दाराची बिजागरी हलवून यायचा. निवृत्त झाल्यावर घरातल्या चांगल्या चालणाऱ्या सगळ्या वस्तू दुरुस्त करून झाल्या, तेव्हा बायकोनेच हात जोडले आणि त्याला गच्चीवर पिटाळलं. तिथे त्याने मासे पाळले.

इमारतीला पाणी सकाळी तासभर. तिथे मासे पाळणं म्हणजे उपाशी घराने हत्ती पोसणं. पण युक्ती खरोखर चांगली होती. माशांच्या टाकीतलं घाण पाणी पंपाने एका पिंपात जायचं, तिथल्या प्लास्टिकच्या तुकड्यांतून झिरपून भाजीच्या वाफ्यात, आणि तिथून निवळून परत टाकीत. उन्हाने उडेल तेवढं वरून घातलं की झालं. माशांची पिल्लं देणारी बाई फक्त एक गोष्ट बजावून गेली होती, "दादा, पिंपातल्या तुकड्यांवरचा चिकटा कधी धुवायचा नाही. माशांची घाण तोच खातो. जिवंत असतो तो."

खालच्या मजल्यांवर मात्र धुसफूस सुरू झाली. आमच्या नळाला नुसती हवा, आणि यांच्या माशांना तलाव? शेवटी सेक्रेटरीचा निरोप आला, "रविवारी बघायला येतो. इमारतीच्या पाण्याची एक बादली जरी तिथे जाताना दिसली, तरी टाकी त्याच दिवशी गच्चीवरून उतरेल."

झालं. भिंगरीच्या पायाला आधीच चाकं, त्यांना आता उतार मिळाला. त्याने टाकी पुसली, नळ्या पुसल्या, भाजीची पानं पुसली. शुक्रवारी त्याची नजर पिंपावर गेली.

"ते धुवायचं नाही म्हणाली होती ना ती?" बायको म्हणाली.

"अगं, पाहुण्यापुढे शेवाळ ठेवायचं?"

"पाहुणा बघायला येतोय. पिंपात राहायला नाही."

पण तोवर भिंगरीच्या हातात ब्रश आला होता. आपल्या अंघोळीच्या वाट्याच्या पाण्याने त्याने एकेक तुकडा घासला आणि उन्हात वाळत घातला. संध्याकाळी पिंप नव्या नवरीसारखं दिसत होतं.

रविवारी सेक्रेटरी वर आला, तेव्हा सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. घाण खाणारा चिकटाच गेला, आता मासे आपल्याच घाणीत गुदमरत होते. अर्धं पाणी तातडीने बदलायला हवं, आणि पाणी बदलायचं तर शेजारी सेक्रेटरी उभा.

"वा, काय माणसाळलेत हो," सेक्रेटरी म्हणाला. "मला बघायला वर आले."

"हो. तुम्हालाच. बरं, खाली ऊन कमी आहे, खाली जाऊ या?"

"बसू या की इथेच जरा. मला तर वाटतं हा मोठा मासा काहीतरी बोलतोय."

तो काय बोलतोय हे भिंगरीला नेमकं कळत होतं. तो या पायावरून त्या पायावर नाचू लागला. सेक्रेटरीने पिंपात डोकावलं, बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "माझ्या घरातली ताटंसुद्धा इतकी स्वच्छ नसतात," तो म्हणाला आणि एकदाचा उतरला.

भिंगरी जिन्याकडे धावला, तर समोरून बायको दोन बादल्या घेऊन वर येत होती. "ही माझ्या अंघोळीच्या वाट्याची, ही धुण्याच्या. दोन्ही कालपासून भरून ठेवल्यात. तुम्ही ब्रश धरलात तेव्हाच त्या माशांच्या बाईंना फोन केला होता, त्यांनीच सांगितलं."

टाकीतलं घाण पाणी बाहेर, बादल्यांतलं कालचं पाणी आत, अशा दोघांच्या खेपा चालू असतानाच जिन्याच्या दारात सेक्रेटरी उभा राहिला. त्याचा चष्मा कठड्यावर राहिला होता.

भिंगरीने हातातली बादली पाठीमागे धरली.

"आमच्याच वाट्याचं आहे," बायको शांतपणे म्हणाली. "आज आमच्याकडे कुणी अंघोळ करणार नाही. यांनी पिंप धुतलं आणि मासे मरायला टेकले. आता रोज थोडं पाणी बदलायचं आणि महिनाभर यांचा हात पिंपाला लागू द्यायचा नाही, असं त्या बाई म्हणाल्या. पाणी मी देईन आमच्यातलं. यांचे हात कुठे ठेवू, तेवढं सांगा."

सेक्रेटरीने आधी माशांकडे पाहिलं, मग लखलखत्या पिंपाकडे, मग भिंगरीकडे. भिंगरी तेवढ्यातही कठड्याचा एक सैल स्क्रू पिळत होता.

"इमारतीची मोठी टाकी," सेक्रेटरी सावकाश म्हणाला, "कित्येक वर्षांत कुणी धुतलेली नाही. शिवाय सगळ्यांच्या घरातल्या टाक्या आहेतच."

"महिना जाईल?" बायकोने विचारलं.

"आरामात."

"मग यांना न्या."

मासे जगले. भिंगरी अजून तळमजल्यावरच्याच टाक्या घासतोय.