माझी गाठ मरोळला जाते

बर्फ भरण्यात माझ्या नवऱ्याचा हात धरणारा अख्ख्या वर्सोव्यात कोणी नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. सांगणारा अर्थात तोच! तीस वर्षं होडी चालवली, पण एक पापलेट कधी नरम पडू दिलं नाही, म्हणतो. खरं आहे ते. म्हणून तर परवाचा घोळ झाला.

मार्चमध्ये माझ्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली. आता डॉक्टरीण म्हणाली, त्या गाठीचा तुकडा मरोळच्या लॅबमध्ये तपासून घेऊ, म्हणजे तुम्हाला नेमकी कुठली गोळी लागू पडेल ते कळेल. तुकडा हॉस्पिटलने मेणात बसवून जपून ठेवला होता. काडेपेटीपेक्षाही लहान. देणारा माणूस म्हणाला, एवढाच उरलाय, उन्हात ठेवू नका, बिघडला तर परत कापावं लागेल. ते ऐकून माझा नवरा हरेश्वर तडक बर्फवाल्याकडे गेला.

सकाळी त्याने मासळीची थर्माकोलची मोठी पेटी भरली. खाली बर्फ, त्यावर मीठ, मध्ये प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत माझी गाठ, वर पुन्हा बर्फ आणि ओलं गोणपाट. सुरमईला नाही एवढी बडदास्त! रिक्षात पेटी सीटवर ऐसपैस बसली आणि मी कडेला. काखेतले टाके अजून ओढतात, म्हणून म्हटलं, पेटी जरा सरकव ना.

"तूच सरक गं. तिला धक्का लागायला नको."

अठ्ठावीस वर्षांत माझ्यासाठी त्याने रिक्षावाल्याला कधी हळू चालव म्हणून सांगितलं नाही. गाठीसाठी तीनदा सांगितलं.

चकाल्याला पेटी गळायला लागली. मासळीच्या वासाचं पाणी रिक्षावाल्याच्या चपलेत शिरलं, तो कुरकुरायला लागला. बर्फ संपतोय म्हणून हरेश्वरचा चेहरा उतरला. पेटी सोडून त्याला उतरता येईना, म्हणून त्याने मलाच समोरच्या उसाच्या रसवाल्याकडे पिटाळलं. मी हातापाया पडून पिशवीभर बर्फ मिळवला आणि वळून बघते तर रिक्षा गायब! हवालदाराने टपावर काठी मारली म्हणून रिक्षा पुढे गेली, असं रसवाला म्हणाला. माझं पाकीटही तिच्यातच गेलं. फोन तेवढा हातात होता. तो लावला तर हा उचलेना, कारण दोन्ही हात पेटीवर. मी रसवाल्याच्या स्टुलावर बसून राहिले. राग येत होता आणि रडूही येत होतं. महिनाभर सगळे माझ्या गाठीबद्दलच बोलत होते, मला जेवलीस का म्हणून कोणी विचारलं नव्हतं.

पुढचं मला लॅबमधल्या ऋताने नंतर सांगितलं. हरेश्वरने तिच्या टेबलावर अर्धी पेटी उपसून तुकडा काढून दिला. तुकडा धडधाकट होता. ती म्हणाली, काका, याला बर्फ लागतच नाही, हा नुसत्या कपाटात दहा वर्षं राहतो. मग तिने पेशंटच्या सहीसाठी फॉर्म पुढे केला. सही झाल्याशिवाय तपासणी सुरू होत नाही. हरेश्वरने तुकड्याकडे बोट दाखवलं.

"ही गाठ झाली, काका. पेशंट कुठे आहे?"

पाऊण तासाने माझा फोन वाजला. हरेश्वरचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सगुणा, कुठे आहेस गं तू?"

"जिथे ठेवून गेलास तिथेच."